टेन्सरफ्लो सोर्समधून बांधताना मशीन मरतंय (आय७-९२०, ६ जीबी, एव्हीएक्स नाही)

जुनाडबा

नमस्कार मंडळी,

आधी मशीनची कुंडली देतो, म्हणजे कुणाला विचारायला नको. इंटेल कोअर आय७-९२०, २००८ च्या शेवटी बाजारात आलेला. चार कोअर, आठ थ्रेड. रॅम ६ जीबी, दोन-दोनच्या तीन स्टिक. एसएसडी नाही, फिरती हार्ड डिस्क. उबुंटू २२.०४, पायथन ३.१०, जीसीसी ११. ग्राफिक्स कार्ड पडद्यावर चित्र उमटवण्यापुरतं आहे, त्याचा विषय काढू नका.

काम असं: मला रात्री बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायचा नाद आहे. तीन वर्षांचं रेकॉर्डिंग पडून आहे. पुतणीने तिच्या मशीनवर टेन्सरफ्लो २.१० मध्ये (मॉडेल शिकवण्याची लायब्ररी) एक मॉडेल शिकवून दिलं. आवाजाचा तुकडा दिला की कोणता बेडूक ते सांगतं, आणि दहातले सात वेळा बरोबर सांगतं. ते इथे चालवायचं आहे आणि माझ्याकडचे नवे आवाज घालून पुढे शिकवायचंही आहे. घाई अजिबात नाही. बेडूक कुठे पळून जात नाहीत (म्हणजे जातात, पण रेकॉर्डिंगमधले नाही).

पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारा) टेन्सरफ्लो कुरकुर न करता बसवलं. इम्पोर्ट टेन्सरफ्लो म्हटलं आणि पायथनच मेला. ट्रेसबॅक नाही, काही नाही, नुसती एक ओळ: "इल्लीगल इन्स्ट्रक्शन (कोअर डम्प्ड)". इल्लीगल म्हटल्यावर आधी वाटलं, आपल्याच हातून काहीतरी वावगं झालं असणार. तीन दिवस पायथन काढला, घातला, नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं, रॅमच्या स्टिक काढून पुसून परत बसवल्या. चौथ्या दिवशी कुठेतरी वाचलं की प्रोसेसरला एव्हीएक्स (एका दमात बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) लागतं. प्रॉक-सीपीयूइन्फोमध्ये ग्रेप मारून पाहिलं. एसएसई ४.२ पर्यंत सगळं आहे, एव्हीएक्सचा पत्ता नाही.

मग ठरवलं, सोर्समधून बांधू, म्हणजे कोड इथेच कंपाइल करू. गिटवरून आर२.१० ही शाखा घेतली. बेझल नावाचं, सोर्स बांधून देणारं प्रकरण बसवलं तर म्हणे ही आवृत्ती चालणार नाही, ५.१.१ च हवी. ती आणली. कॉन्फिगरच्या प्रश्नांना सगळीकडे एंटर मारला आणि रात्री बिल्ड सुरू करून झोपलो. सकाळी पडदा गोठलेला. कॅप्स लॉक दाबलं तर दिवा अर्ध्या मिनिटाने लागला. शेवटी "सर्व्हर टर्मिनेटेड अ‍ॅब्रप्टली" असं लिहून बेझल गप्प झालेलं. दुसऱ्या रात्री पुन्हा, तर या वेळी "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस". आकडा वीस हजारांपैकी साडेआठ हजारांवर अडकलेला. तिसऱ्या रात्री तिसऱ्याच फाइलवर मेलं. आता कळत नाही की सोर्समध्ये चूक आहे, माझ्या कंपायलरमध्ये, की हार्ड डिस्क चालली.

विचारायचं एवढंच: हे मशीन हे काम करू शकतं का? आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागतं का?

थेटबोल्या

काका, पंधरा वर्षांपेक्षा जुनं मशीन आहे. त्यावर टेन्सरफ्लो बांधायला जितकी वीज जाईल तितक्यात… जाऊ द्या. ऑनलाइन नोटबुकवर चालवा, दहा मिनिटांत काम होईल.

जुनाडबा

थेटबोल्या, सूचनेबद्दल आभार. तीन वर्षांचं रेकॉर्डिंग साडेचारशे जीबी आहे. ते वर चढवेपर्यंत बेडकांची पुढची पिढी येईल.

रात्रपाळी

जुनाडबा, तुमच्या बिल्डची मरणं वेगवेगळी दिसतात पण मारेकरी एकच आहे. सुडो लावून डीमेसेज (कर्नलची नोंदवही) चालवा आणि खाली जा. "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" अशा ओळी सापडतील, आणि कंसात नाव असेल. एकदा जावा, बाकी वेळा सीसी१प्लस, म्हणजे जीसीसीचा सी++ कंपायलर. बेझलचा सर्व्हर स्वतः जावात चालतो. रॅम संपली की लिनक्सचं कर्नल बहुधा सगळ्यात जास्त मेमरी अडवून बसलेली प्रोसेस शोधून तिला उडवतं. पहिल्या रात्री सर्व्हरच सापडला, नंतर कंपायलर. सोर्स ठीक आहे, जीसीसी ठीक आहे, हार्ड डिस्कही बहुतेक ठीक आहे. चूक सोर्समध्ये असती तर दर वेळी त्याच फाइलवर, त्याच ओळीवर आपटलं असतं. जागा बदलते म्हणजे मेमरी. हा ठोकताळा लक्षात ठेवा, पुढेही कामाला येईल.

असं का होतं: आठ थ्रेड दिसले की बेझल आठ-आठ कंपायलर एकदम सोडतं. साध्या फाइलला दोन-तीनशे एमबी लागतात, कुणाला कळतही नाही. पण टेन्सरफ्लोच्या कर्नलच्या (गणिताच्या क्रियांच्या, लिनक्सचं कर्नल वेगळं) फाइलींमध्ये आयगन या गणिताच्या लायब्ररीचे टेम्प्लेट ठासून भरलेले असतात. तशी फाइल आली की एकटा सीसी१प्लस दीड-दोन जीबी गिळतो. अशा तीन-चार फाइली एका वेळी आल्या की तुमचे ६ जीबी संपले. मग स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) सुरू, ती फिरत्या डिस्कवर, म्हणून कॅप्स लॉकचा दिवा अर्ध्या मिनिटाने.

तर मशीन हे काम करू शकतं. वेळ लागेल. मी याहून कमी रॅमवर केलंय, फुशारकी म्हणून नाही सांगत, तेव्हा दुसरा इलाज नव्हता.

(कमांड देवनागरीत लिहितेय, टाइप करताना रोमन करून घ्या.)

सुरू करण्याआधी ग्राफिकल डेस्कटॉपमधून लॉग आउट व्हा आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साध्या टेक्स्ट कन्सोलवर या. डेस्कटॉप आणि ब्राउझर मिळून दीड जीबी सहज खातात, तो कंपायलरला मिळू द्या. बेझलला डॅश-डॅश-जॉब्स=२ (एका वेळी दोनच कामं) द्या, आणि डॅश-डॅश-लोकल_रॅम_रिसोर्सेस=३००० हेही. दुसरा आकडा एमबीमध्ये असतो, पण तो बेझलचा नुसता अंदाज आहे, कंपायलरला तो बांधून ठेवत नाही. खरा लगाम जॉब्सचा. ८ जीबीची स्वॅप फाइल करा, पण तिच्या जिवावर जॉब्स वाढवू नका. स्वॅप पडल्यावर हात टेकायला आहे, तिच्यावर चालायचं नसतं. जावाच्या सर्व्हरलाही वेसण घालता येते: डॅश-डॅश-होस्ट_जेव्हीएम_आर्ग्स=-एक्सएमएक्स१जी. हा पर्याय "बिल्ड" या शब्दाच्या आधी लिहायचा, नंतर लिहिलात तर बेझल ओळखच दाखवणार नाही.

दुसरा प्रश्न, पहिल्यापासून करावं लागतं का? नाही. झालेलं काम होम फोल्डरमधल्या डॉट-कॅश-बेझलमध्ये राहतं. तीच कमांड परत दिली की ते राहिलेल्या जागेपासून पुढे जातं. जॉब्सचा आकडा बदललात तरी चालतं. पण कॉप्टचे पर्याय, म्हणजे जीसीसीकडे जाणारे झेंडे, बदललेत की सगळं पाण्यात, शून्यापासून सुरुवात. म्हणून ते आधी ठरवा आणि मग हात लावू नका. बेझल क्लीन तर टाइपच करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. डिस्कवर २० जीबी तरी मोकळे ठेवा.

झेंड्यांचं. कॉन्फिगर विचारतं की डॅश-डॅश-कॉन्फिग=ऑप्ट दिल्यावर कोणते झेंडे लावू. तिथे तुम्ही एंटर मारलात. या वेळी -मार्च=नेटिव्ह लिहा. म्हणजे जीसीसी तुमचा प्रोसेसर बघून एसएसई ४.२ पर्यंतच्या सगळ्या सूचना वापरेल आणि एव्हीएक्सच्या वाटेला जाणार नाही. रिलीज नावाची जी कॉन्फिग आहेत ती कुठल्या ब्लॉगवरून उचलून टाकू नका, त्यांच्या पोटात एव्हीएक्स असतं. तीस तास बांधून पुन्हा तीच इल्लीगल इन्स्ट्रक्शन बघायची वेळ माझ्यावर आलेली आहे. त्या दिवशी मी मशीनशी बोलले नाही.

आणि त्या "इल्लीगल"चं मनाला लावून घेऊ नका. एव्हीएक्स आलं ते २०११ मध्ये, सँडी ब्रिज प्रोसेसरबरोबर. तुमचा आय७-९२० नेहालेम पिढीचा, त्याच्या आधीचा. टेन्सरफ्लोच्या तयार पॅकेजमध्ये १.६ पासून, म्हणजे २०१८ पासून, एव्हीएक्स गृहीत धरलेलं आहे. प्रोसेसरपुढे माहीत नसलेली सूचना आली, त्याने हात वर केले, कर्नलने प्रोसेस तिथल्या तिथे संपवली. पायथनला ट्रेसबॅक लिहायला सवडच मिळत नाही, म्हणून ती एकच ओळ.

अजून एक. हा प्रोसेसर १३० वॉटचा आहे. दिवसभर पूर्ण ताणावर चालवण्याआधी हीटसिंकमधली धूळ काढा. रॅम पुसलीत, पंखा पुसलात का?

जुनाडबा

रात्रपाळीताई, साष्टांग नमस्कार. डीमेसेजमध्ये अगदी तुम्ही सांगितलंत तसंच निघालं, एकदा जावा, दोनदा सीसी१प्लस. पंखा उघडला. आत जे होतं त्याला धूळ म्हणणं म्हणजे धुळीचा अपमान आहे, गोधडी निघाली.

आज रात्री सुरू करतो.

कंपायलरपीडित

सुरू करण्याआधी थांबा जरा. ताईंचं सगळं बरोबर आहे, पण नमपायचं (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) कुणी बोललं नाही. पायथन ३.१० वर पिपला नुसतं नमपाय म्हटलंत तर तो २ ची मालिका आणून ठेवतो. टेन्सरफ्लो २.१० हे २०२२ चं, नमपाय २.० आलं २०२४ मध्ये. दोघांचं जमत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आधी १.२३ च्या आसपासचं नमपाय बसवा, मग कॉन्फिगर चालवा. आणि कॉन्फिगर चालवताना तेच एन्व्हायर्नमेंट चालू असू द्या. पायथनचा रस्ता तेव्हाच लिहून ठेवला जातो, नंतर बदलला तर गोंधळ. शेवटी व्हील (बांधून तयार झालेलं पॅकेज) बसवतानाही पिप परत नमपाय वर सरकवत नाही ना, ते बघा.

दुसरं, मित्राकडे किंवा त्या पुतणीकडे मोठं मशीन असेल तर बिल्ड तिथे करून नुसती व्हील फाइल पेनड्राइव्हवर आणता येते. तिथे मात्र -मार्च=नेटिव्ह चुकूनही लिहू नका. नेटिव्ह म्हणजे ज्या मशीनवर बांधताय ते. तिच्या प्रोसेसरला एव्हीएक्स असणार, ते आत जाणार, आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. -मार्च=नेहालेम असं स्पष्ट नाव घालायचं. पायथन ३.१०च हवा, आणि तिची जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) तुमच्यापेक्षा नवी नको, नाहीतर इथे आल्यावर "जीलिबसी २.अमुक नॉट फाउंड" म्हणून अडेल. तिच्याकडेही उबुंटू २२.०४ असेल किंवा २२.०४ चा कंटेनर असेल तर प्रश्नच मिटला.

जुनाडबा

नमपायचं बरं सांगितलंत, २.२ बसलेलं होतं. काढलं.

पुतणीचा पर्याय आहे, पण खरं सांगू का, आता इरेला पेटलोय. हे इथेच बांधणार.

नवखी

मध्येच घुसतेय, माफ करा. माझा प्रश्न पायटॉर्चचा आहे, टेन्सरफ्लोसारखीच दुसरी लायब्ररी. डेस्कटॉपवर जीटीएक्स ७७० ग्राफिक्स कार्ड आहे. तयार पायटॉर्च म्हणतं हे कार्ड फार जुनं, आता चालत नाही. जुनाडबा काकांसारखं सोर्समधून बांधलं तर चालेल का? ८ जीबी रॅम आहे.

कंपायलरपीडित

नवखी, दोन्ही दुखणी वरून सारखी दिसतात, पण आतून नाहीत. काकांच्या बाबतीत जीसीसीला नेहालेमसाठी कोड लिहिता येतो, तयार पॅकेज करणाऱ्यांनी तो लिहवून घेतला नाही एवढंच. म्हणून स्वतः बांधून फायदा. तुझ्या कार्डाची कम्प्यूट कपॅबिलिटी, म्हणजे पिढीचा आकडा, ३.०. ती सांभाळणारं शेवटचं कुडा (एनव्हिडियाची कार्डावर गणित चालवण्याची साधनं) १०.२, कुडा ११ पासून त्यातला कंपायलर एनव्हीसीसी ३.० साठी कोडच काढत नाही. आणि पायटॉर्च २ ला कुडा ११ तरी हवं. सोर्स हातात असून उपयोग काय, खालचा कंपायलरच नाही म्हणतोय. मागे जाऊन जुनं पायटॉर्च आणि कुडा १०.२ घ्यायचं म्हटलंस तर त्याला जीसीसी ८ च्या पुढचा चालत नाही, मग जीसीसीही जुना, मग उबुंटूही… त्या विहिरीत मी एकदा उतरलो होतो. सीपीयूवर चालव.

ज्यांचं कार्ड चालण्यासारखं आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: पायटॉर्च बांधताना टॉर्च_कुडा_आर्च_लिस्टमध्ये फक्त आपल्या कार्डाचा आकडा घाला. यादीत अनेक पिढ्यांची कार्डं असतील तर प्रत्येक कर्नल त्या प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा कंपाइल होतं आणि वेळ काही पटींनी वाढतो. मॅक्स_जॉब्स=२, बिल्ड_टेस्ट=०. क्लोन करताना रिकर्सिव्ह विसरलात तर थर्ड_पार्टी फोल्डर रिकामं राहतं आणि सीमेक सुरुवातीलाच रडतं, तेव्हा गिट सबमॉड्यूल अपडेट डॅश-डॅश-इनिट डॅश-डॅश-रिकर्सिव्ह चालवा.

नवखी

कळलं. विहिरीत उतरत नाही. :)

जुनाडबा

पहिल्या रात्रीचा अहवाल. टेक्स्ट कन्सोल, जॉब्स २, मार्च नेटिव्ह. बारा तासांत सात हजारांच्या वर गेलंय आणि मेलं नाही! मधे कितीतरी वेळ नुसतं एलएलव्हीएम, एमएलआयआर असं काहीतरी चाललं होतं. मी बेडकांसाठी बसलोय आणि हे दुसराच कंपायलर बांधतंय, असं का?

रात्रपाळी

हो, टेन्सरफ्लो आपल्या पोटात एलएलव्हीएमचा मोठा भाग घेऊन येतं. त्याच्यावरच एक्सएलए आणि एमएलआयआर उभं आहे. त्यातून सुटका नाही. एलएलव्हीएमच्या फाइली संख्येने पुष्कळ पण बऱ्याचशा हलक्या. जड पुढे आहेत. स्वॅपवर लक्ष ठेवा, फ्री -एम मारत राहा. वापरलेली स्वॅप तीन-चार जीबीवर जाऊन तिथेच रेंगाळली तर कंट्रोल-सी करून जॉब्स=१ ने परत सुरू करा. काम वाया जाणार नाही.

जुनाडबा

झालं!!

एकूण एकतीस तास. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वॅप साडेतीन जीबीवर अडकली. ताईंचं ऐकून कंट्रोल-सी केलं (हात थरथरत होता) आणि जॉब्स १ वर सुरू केलं. खरंच राहिलेल्या जागेपासून पुढे गेलं. तासाभराने परत २ केलं. पहाटे सव्वाचारला "बिल्ड कम्प्लीटेड सक्सेसफुली". मग बिल्ड_पिप_पॅकेज चालवून व्हील काढली, पिपने बसवली.

तिथेच पायथन उघडून इम्पोर्ट टेन्सरफ्लो. एरर.

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीत दोन मिनिटं नुसता बसून होतो. एकतीस तास डोळ्यांपुढून गेले. मग चष्मा लावून एरर शेवटपर्यंत वाचली. ती म्हणत होती, तुम्ही टेन्सरफ्लोच्या सोर्स फोल्डरमध्ये उभे आहात, बाहेर या आणि पायथन परत सुरू करा. सीडी मारून होममध्ये आलो. इम्पोर्ट झालं. कसलीही ओळ न छापता.

पहिली फाइल एका ओढ्याकाठची घातली. मॉडेल चुकीचा बेडूक सांगतंय. पण सांगतंय!

रात्रपाळी

वा! सोर्स फोल्डरमध्ये उभं राहून इम्पोर्ट करणं सगळ्यांच्या नशिबी एकदा येतं. पायथन चालू फोल्डरमधलं टेन्सरफ्लो आधी बघतो, आणि तिथे असतं ते कच्चं.

आता त्या व्हीलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. शेजारी एक टेक्स्ट फाइल: गिटचा कमिट, बेझल ५.१.१, जीसीसी, नमपाय, मार्च. व्हीलच्या नावात सीपी३१० असेल, म्हणजे ती फक्त पायथन ३.१० वर बसते. उबुंटूची पुढची आवृत्ती घेतलीत तर पायथन बदलेल आणि ही व्हील बसायला नकार देईल.

थेटबोल्या

काका, मानलं. ऑनलाइन नोटबुकचं मागे घेतो. चुकीचा बेडूक कोणता सांगतंय?

जुनाडबा

बेडूकच नाही, रातकिडा आहे तो. पुतणीच्या मॉडेलला रातकिडे शिकवलेलेच नाहीत, त्यामुळे बिचारं सगळ्यात जवळचा बेडूक सांगतं. तेच आता शिकवायचंय. एका फेरीला वीस मिनिटं लागतायत, चहा होतो तेवढ्यात.

ताई, टेक्स्ट फाइल लिहिली, दोन प्रती केल्या. आणि आत्ता हे लिहीत असताना कोपऱ्यात खिडकी उघडली, उबुंटूची नवी आवृत्ती आलीय, अपग्रेड करू का म्हणून. "नको" दाबलंय. पुन्हा विचारू नकोस असा पर्याय कुठे असतो?

रात्रपाळी

सॉफ्टवेअर अँड अपडेट्स, अपडेट्सचा टॅब, सगळ्यात खालचा पर्याय. "नेव्हर" करा.